जहाजावरचा शांत तलाव आणि आपली मुलं



सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या भिशीत प्रवासाच्या गप्पा निघतातच. या वेळी क्रूझचा विषय निघाला. एकीची जाऊ नुकतीच मुलाबाळांसह बोटीची सहल करून आली होती. जेवणाचं, समुद्राचं, रात्रीच्या कार्यक्रमांचं कौतुक सांगून झालं आणि मग तक्रार आली. बोटीवरचा सगळ्यात शांत, सावलीचा स्विमिंग पूल फक्त मोठ्यांसाठी होता आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला दारातूनच परत पाठवलं होतं. भिशीत लगेच दोन पक्ष पडले. "तिकीट तर मुलांचंही घेतात, मग अडवायचं कशाला?" हा एक पक्ष. दुसऱ्या पक्षातली एकजण हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला तर तशीच जागा हवी. दोन तास कुणी आई म्हणून हाक मारणार नाही अशी."

मला दोघींचंही पटलं, आणि म्हणून ही पद्धत आली कुठून याच्या मागे लागले. दहा-वीस वर्षांतली नवी फॅशन असेल अशी माझी कल्पना होती. पण बोटीवरच्या पाण्यात कुणी उतरायचं आणि कुणी नाही, हा प्रश्न बोटीवर तलाव आला तेव्हापासूनचा आहे.

आत बांधलेला तलाव असलेलं पहिलं मोठं प्रवासी जहाज म्हणून १९०७ सालच्या 'एड्रियाटिक'चं नाव घेतात. पाच वर्षांनी आलेल्या 'टायटॅनिक'वरही असा तलाव होता. सुमारे तीस फूट लांब, आणि त्यात समुद्राचंच पाणी तापवून सोडलेलं. तिथे जायला फक्त पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना परवानगी होती, त्यांनाही एक शिलिंगाचं तिकीट काढावं लागे, आणि बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. म्हणजे पहिली आडकाठी तिकिटाच्या वर्गाची आणि दुसरी स्त्री-पुरुषाची. वयाची आडकाठी वेगळी लिहून ठेवायची गरजच नव्हती. पहिल्या वर्गातली मुलं दाईच्या हाताला धरून डेकवर फिरायची. तिसऱ्या वर्गातली मुलं खाली, आपल्या आईबापांबरोबर, आणि वर यायच्या वाटेत दारं. ही दारं केवळ श्रीमंतांच्या सोयीसाठी होती असंही नाही. स्थलांतरितांबरोबर साथीचे रोग येतील या भीतीने अमेरिकेच्या कायद्यालाच ते वेगळेपण हवं होतं.

या गोष्टीचा आपल्या मुंबईशीही जवळचा संबंध आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई-विलायत हा प्रवास काही आठवड्यांवर आला. इथले इंग्रज साहेब आपली मुलं शिकायला मायदेशी पाठवत, मडमा बाळंतपणाला किंवा सुट्टीला जात. मग तीन-चार मुलांना घेऊन समुद्रावर इतके दिवस काढायचे म्हणजे मदतनीस हवीच. त्यासाठी आया ठेवत. ही आपल्या देशातली बाई. मुलांना भरवायचं, आंघोळ घालायची, डेकवर खेळवायचं, उलट्या झाल्या की निस्तरायचं, आणि स्वतःला बोट लागली तरी उठून बसायचं. तांबड्या समुद्रात उकाडा असह्य झाला की पुढच्या काळात काही बोटी डेकवर कॅनव्हासचा हौद बांधून त्यात समुद्राचं पाणी भरत आणि साहेबलोक त्यात डुंबत. आयाने त्यात कधी उतरायचं, हा प्रश्न त्या काळात कुणाच्या डोक्यात आला नसावा.

लंडनला उतरल्यावर काहींच्या हातात परतीचं तिकीट असे. काहींना मात्र काम संपलं म्हणून तिथेच सोडून देत. परक्या देशात, थंडीत, भाषा येत नाही, ओळखीचं कुणी नाही. अशा बायकांसाठी लंडनमध्ये 'आयाज होम' नावाचं निवासस्थान होतं. आधी ते ऑल्डगेट भागात होतं, १९०० मध्ये हॅकनीतल्या किंग एडवर्ड्स रोडवर आलं. तिथली व्यवस्थापक बाई हिंदुस्थानला निघालेलं एखादं कुटुंब शोधून देई आणि आया पुन्हा दुसऱ्याच कुणाची मुलं सांभाळत परत येई. १९२२ सालची एक नोंद आहे, त्यात एका आयाने आपण ही वारी चौपन्न वेळा केल्याचं सांगितलं आहे. चौपन्न! आपल्यापैकी कुणी मुंबई-पुणे चौपन्न वेळा मोजून ठेवलंय का? २०२२ मध्ये त्या घरावर स्मरणाची निळी पाटी बसली. इतकी वर्षं त्या रस्त्याने जाणाऱ्यांना तिथे काय होतं याचा पत्ताही नव्हता.

मी आयांबद्दल इतकं लिहिलं, कारण पुढचं सगळं वाचताना त्याच माझ्या डोळ्यांपुढे येत राहिल्या. मोठ्यांची शांत जागा आणि मुलांची गलक्याची जागा वेगळी करता येते, ती त्या गलक्यात बसायला कुणीतरी आहे म्हणून. ती कधी आया असते, कधी बोटीवरची नोकरदार मुलगी, आणि कुणीच नसेल तेव्हा आई किंवा आजी.

१९३० नंतर जहाजांच्या कंपन्यांनी हे काम स्वतःकडे घ्यायला सुरुवात केली. फ्रेंचांच्या 'नॉर्मंडी' या १९३५ सालच्या डौलदार जहाजावर मुलांसाठी वेगळी जेवणाची खोली होती आणि तिच्या भिंतींवर बाबार हत्ती रंगवलेला होता, तोही बाबारच्या गोष्टी लिहिणाऱ्या जाँ द ब्रुनॉफ यांच्याच हातचा. पुढच्या वर्षी आलेल्या 'क्वीन मेरी'वर तिन्ही वर्गांच्या मुलांना खेळायला-सांभाळायला खोल्या होत्या. मुलांना संध्याकाळी लवकर जेवू घालायचं, झोपवायचं, आणि मग मोठ्यांनी नटूनथटून रात्रीच्या जेवणाला बसायचं अशी तिकडची रीत. आपल्याकडे चोविहारामुळे सूर्य मावळायच्या आत लहान-मोठे सगळे एकाच पंगतीला उरकतात, त्यामुळे मला हे वाचून गंमत वाटली. मुलांबरोबर जेवल्याने मोठ्यांचं काय बिघडतं, हे मला अजून कळलेलं नाही.

याच सुमारास तलाव आतून बाहेर, उघड्या डेकवर आले. इटलीच्या 'रेक्स' या १९३२ सालच्या जहाजावर तर तलावाभोवती वाळू पसरली होती, किनाऱ्यावर बसल्यासारखं वाटावं म्हणून. आणि १९५३ मध्ये 'आंद्रेया डोरिया' आलं. त्यावर तीन उघडे तलाव होते, पहिल्या वर्गाला एक, दुसऱ्याला एक, तिसऱ्याला एक. तिन्ही वर्गांना उन्हात पोहायला मिळावं ही त्या काळात मोठीच गोष्ट होती. ज्याचं जसं तिकीट तसा त्याचा तलाव. तलावाची विभागणी वयावर नव्हती, कुटुंबच्या कुटुंब आपल्या वर्गाच्या काठावर बसे. १९५६ च्या जुलैत धुक्यात दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन ते बुडालं.

त्यानंतर दोनच वर्षांत जेट विमानं आली. १९५८ मध्ये अटलांटिक महासागर बोटीने ओलांडणाऱ्यांपेक्षा विमानाने ओलांडणारे जास्त झाले. कुठे पोचायचं म्हणून बोटीत बसण्याचे दिवस संपले. ज्या कंपन्या तगल्या त्यांनी बोटीलाच सहलीचं ठिकाण केलं. गरम हवेच्या बेटांकडे जायचं, फिरून परत यायचं. अशा सहलीत तीन वर्गांची अडगळ नको होती. सगळे एका डेकवर, एकाच तलावात. सुरुवातीचे प्रवासी बहुतेक उतारवयातले किंवा नवपरिणीत, मुलं फार नसायची, त्यामुळे कुणाला काही खटकलं नाही.

मग मुलं आली. १९८५ पासून 'प्रीमियर' नावाच्या एका कंपनीने डिस्नेची पात्रं बोटीवर आणून कुटुंबांना ओढलं. ते बघून डिस्नेनेच स्वतःची बोट काढली. ३० जुलै १९९८ रोजी 'डिस्ने मॅजिक' पहिल्या सफरीला निघाली. मुलांसाठीच प्रसिद्ध असलेल्या कंपनीची बोट, आणि तिच्यावर मोठ्यांसाठी राखीव तलाव! तीन तलाव होते. मिकीच्या आकाराचा लहानग्यांचा, गूफीच्या नावाचा सगळ्या कुटुंबाचा, आणि पुढच्या बाजूला अठरा वर्षांवरच्यांचा. बहामातल्या त्यांच्या बेटावरसुद्धा मोठ्यांचा किनारा वेगळा. 'आंद्रेया डोरिया'चे तीन तलाव आठवा. पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा तीन तलाव, पण आता तिकिटाच्या जागी वय आलं.

हे का केलं असेल? माझ्या मते हिशोब सोपा होता. मुलं बोटीवर यायला तयार असतातच, तिकीट काढायचं की नाही हे ठरवतात आईवडील, आणि थकलेल्या आईवडिलांना "तुम्हालाही विश्रांती मिळेल" असं कुणीतरी सांगायला हवं होतं. मुलांसाठी खेळघरं, ती सांभाळायला मुलं-मुली नोकरीला, आणि तेवढ्या वेळात आईबाबा शांत तलावावर. जाहिरातीत ती आई नेहमी डोळे मिटून आडवी झालेली असते.

बाकीच्या कंपन्यांनी आपापली वाट काढली. 'रेनेसाँ' नावाच्या कंपनीने अठरा वर्षांखालच्यांना बोटीवरच घ्यायचं नाही असं ठरवलं, पण २००१ मध्ये ती बुडाली. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीने २००५ मध्ये 'आर्केडिया' हे जहाज फक्त मोठ्यांसाठी सुरू केलं. हीच ती कंपनी, जिच्या बोटींवरून आया विलायतेला जात. 'प्रिन्सेस' कंपनीने २००६ मध्ये शांत जागा काढली, पण तिथे बसायचे वेगळे पैसे. 'कार्निव्हल'ने पुढच्या वर्षीपासून अशी जागा फुकट दिली. आणि वयाची गंमत बघा. रॉयल कॅरिबियनच्या शांत भागात सोळा पूर्ण झालेले चालतात, डिस्नेकडे अठरा लागतात, कार्निव्हलकडे एकवीस. एकच सतरा वर्षांची मुलगी एका बोटीवर मोठी आणि दुसऱ्या बोटीवर लहान. शिवाय जास्त पैसे देणाऱ्यांसाठी बोटीच्या आत वेगळी बोट असावी तसे भाग निघाले. २००८ मध्ये 'एमएससी फँटाझिया'वर असा भाग आला, त्याचा स्वतःचा तलाव. म्हणजे काढून टाकलेला पहिला वर्ग मागच्या दाराने आत आलाच.

एका नियमाला मात्र नावं ठेवू नयेत असं मला वाटतं. अमेरिकेच्या बंदरांत जाणाऱ्या जहाजांवर तिथल्या आरोग्य खात्याची तपासणी असते, आणि डायपरमधल्या, अजून शी-शूचं न सांगणाऱ्या बाळांना साध्या तलावात सोडायला बंदी असते. पोहायचा खास डायपर घातला तरी चालत नाही. त्यांच्यासाठी पाणी वेगळं गाळणारी, वेगळी छोटी जागा असेल तिथेच न्यायचं, आणि अशी जागा सगळ्याच बोटींवर नसते. कारण उघड आहे. तलावात घाण झाली तर तो बंद करून पाणी शुद्ध करावं लागतं, आणि बोटीवर जुलाबाची साथ पसरायला वेळ लागत नाही. पाणी गाळूनच वापरायचं हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं, त्यामुळे आपल्याला तरी हा नियम जाचक वाटू नये. फक्त तो तिकीट काढायच्या आधी माहीत असावा. नाहीतर दोन वर्षांच्या बाळाला घेऊन चार दिवस काठावर बसायची वेळ येते.

आता ज्या गोष्टीने माझी झोप उडवली ती सांगते. मोठ्यांसाठी शांत तलाव १९९८ पासून आहे. आणि मुलांच्या तलावावर लक्ष ठेवणारा लाइफगार्ड? डिस्नेच्या बोटींवर तो आला २०१३ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. त्याच वर्षी त्यांच्या एका बोटीवर चार वर्षांच्या मुलाला तलावात गंभीर अपघात झाला होता. रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन या कंपन्यांनी २०१७ मध्ये लाइफगार्ड नेमायचं जाहीर केलं. तोवर बहुतेक बोटींवर एक पाटी असायची, इथे लाइफगार्ड नाही, आपापल्या जबाबदारीवर पोहा. पाच वर्षांचं पोर ती पाटी काय वाचणार? मुलांचा तलाव सगळ्यात गर्दीचा, संगीत मोठ्याने चाललेलं, बाजूला आइस्क्रीमची रांग. बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. ते गप्प खाली जातं, आणि शेजारच्या माणसालाही कळत नाही.

याला कायद्याची एक बाजू आहे. अमेरिकेत १९२० सालचा एक कायदा आहे, खोल समुद्रावर झालेल्या मृत्यूंबद्दलचा. किनाऱ्यापासून तीन सागरी मैलांच्या पलीकडे कुणाच्या निष्काळजीपणाने माणूस गेलं, तर घरच्यांना मिळणारी भरपाई आर्थिक नुकसानाचीच मिळते. कमावता माणूस गेला तर त्याच्या कमाईचा हिशोब होतो. मूल काहीच कमवत नाही. निवृत्त आजी-आजोबाही कमवत नाहीत. म्हणून त्यांच्या जाण्याची कायद्यातली किंमत जवळजवळ शून्य, आईच्या दुःखाला त्यात रकानाच नाही. २००० मध्ये हा कायदा विमानप्रवाशांसाठी सैल केला, जहाजांच्या प्रवाशांसाठी केला नाही. लाइफगार्ड उशिरा येण्याचं हेच कारण होतं असं मी म्हणणार नाही, तेवढा मला अधिकार नाही. पण मला हे दोन्ही एकाच दुपारी वाचायला मिळालं आणि त्या दिवशी मी धाकट्याला क्लासला एकटं सोडलं नाही.

त्यामुळे भिशीतल्या वादात मी कुठे, असं विचाराल तर मोठ्यांच्या तलावाला माझी हरकत नाही. बाईला दोन तास शांतता मिळाली तर चांगलंच आहे. पण आपल्या घरांचं चित्र मला माहीत आहे. बारा-पंधरा जणांचा गोतावळा बोटीवर जातो. पुरुषमंडळी शांत तलावाकडे वळतात, तरुण जोडपीही जातात, आणि सगळ्यांची मुलं एका जावेच्या किंवा सासूबाईंच्या ओटीत घालतात. बऱ्याच जणी साडी किंवा पंजाबी ड्रेस घालून काठावरच बसतात. पोहण्याचे कपडे घातल्याशिवाय पाण्यात उतरू देत नाहीत, म्हणजे मूल गटांगळी खाऊ लागलं तरी त्या क्षणी आपण पाण्याबाहेर. आणि आपल्यातल्या किती जणींना पोहता येतं?

अलीकडे थोडा वेगळा विचारही दिसतो. जानेवारी २०२४ मध्ये निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या अवाढव्य जहाजावर सात तलाव आहेत. त्यात एक भाग सहा वर्षांखालच्या मुलांच्या कुटुंबांसाठी केलेला आहे. तिथे मुलांचे फवारे आणि घसरगुंड्या एका बाजूला, आणि त्यांच्याकडे तोंड करून मोठ्यांचा तलाव. आई पाण्यात बसून समोर पोराला बघू शकते. हा नकाशा काढणाऱ्यांमध्ये एखादी आई असावी असा माझा अंदाज.

आपल्या मुंबईहूनही क्रूझ निघतात. ज्या बॅलार्ड पिअरवरून एके काळी विलायतेच्या बोटी सुटत, त्याच भागातून. २०२१ पासून गोव्याकडे जाणारी कॉर्डेलियाची 'एम्प्रेस' ही मुळात १९९० साली बांधलेली अमेरिकी कंपनीची बोट, मायामीहून बहामाला तीन-चार दिवसांच्या सहली करायची. तिच्यावर जैन जेवण मिळतं, म्हणून आपल्याकडच्या कितीतरी मंडळींनी तिची सफर केली. बोट कुठलीही असो, आपला पहिला फोन जेवणासाठीच असतो. कांदा-लसूण नाही ना, कंदमूळ नाही ना, सूर्यास्ताआधी वाढाल ना, हे आपण न लाजता तीनतीनदा विचारतो. त्याच फोनवर आणखी चार प्रश्न विचारा. मुलांचा तलाव कुठे आहे आणि किती खोल? तिथे लाइफगार्ड किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत असतो? डायपरच्या बाळासाठी वेगळं पाणी आहे का? मोठ्यांच्या भागात किती वर्षांपासून सोडतात, त्याचे पैसे वेगळे का? आणि पाळ्या घरूनच ठरवून निघा, कोणत्या दिवशी कुणी मुलांच्या काठावर बसायचं, त्यात काका-मामांचीही नावं लिहून.